चट्टा कातडीवर, घाव मज्जातंतूवर

टेबलाच्या कडेवर कोपर आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात. हा अनुभव आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी घेतला आहे. आता कोपर थोडे वाकवा आणि त्याच्या आतल्या बाजूला, हाडाच्या दोन उंचवट्यांमधल्या खाचेत दुसऱ्या हाताचे बोट हलकेच आडवे फिरवा. दोरीसारखे काहीतरी बोटाखालून सरकेल. तो मज्जातंतू आहे. शरीरातले बहुतेक मोठे मज्जातंतू मांसाच्या आड सुरक्षित असतात, पण हा इथे कातडीच्या अगदी लगत येतो. म्हणूनच त्याला धक्का बसतो, आणि म्हणूनच तो आतल्या अवयवांपेक्षा थोडा थंडही राहतो. ही थंडाई लक्षात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

नागपुरात विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही हा प्रयोग करून घेतला आणि मग विचारले, "कुष्ठरोग हा कशाचा रोग?" बहुतेकांचे उत्तर आले, "कातडीचा." "मग रुग्णाची बोटे का जातात?" यावर क्षणभर शांतता पसरली आणि मागून कोणीतरी म्हणाले, "सडतात आणि झडतात." उत्तर देणाऱ्याचा दोष नव्हता. शेकडो वर्षे माणसांनी हेच मानले, आणि त्यात वैद्य व डॉक्टरही होते. बोटे झडत नाहीत, हे नीट कळायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. ते कसे कळले आणि कळूनही आपण काय विसरलो, त्याची ही हकिकत आहे.

ती नागपुरातून सांगायला कारणही आहे. महाराष्ट्राच्या नकाशावर नागपुरात कंपासचे टोक रोवून १५० किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढा. वर्ध्याजवळचे दत्तपूर, सेवाग्राम, वरोऱ्याचे आनंदवन आणि अमरावतीचे तपोवन हे सर्व त्या वर्तुळात येतात. कुष्ठरोगाच्या इतिहासातली इतकी ठिकाणे इतक्या जवळजवळ देशात फार थोड्या भागांत सापडतील.

तेल आणि जंतू

सुश्रुतसंहितेत कुष्ठाच्या वर्णनात कातडीला स्पर्श न कळणे हे लक्षण आले आहे. म्हणजे बधिरता वैद्यांच्या नजरेतून सुटली नव्हती. पण औषध शोधले गेले ते कातडीसाठी. सह्याद्रीत कडू कवठाचे झाड होते. संस्कृतात त्याला तुवरक म्हणतात. त्याच्या बियांचे तेल पोटात देत आणि अंगाला चोळत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कलकत्त्यातल्या इंग्रज डॉक्टरांनी त्याच जातीच्या झाडाचे चौलमुग्रा तेल पाश्चात्त्य वैद्यकात नेले. पुढे त्याची इंजेक्शने निघाली. चट्ट्याच्या आजूबाजूला कातडीत सुया टोचून हे तेल भरत. उपचार वेदनादायक होता आणि गुण आला तरी तो अर्धवट असे.

दरम्यान नॉर्वेतील बर्गेन या बंदरात मोठे काम चालले होते. तिथे कुष्ठरोग्यांची अनेक रुग्णालये होती. १८४७ साली डॅनियलसन आणि बोक या दोघांनी रोगाचे तपशीलवार वर्णन छापले आणि त्यात गाठींचा प्रकार व बधिरतेचा प्रकार वेगळे करून दाखवले. रोग आनुवंशिक आहे असे त्यांचे मत होते. डॅनियलसन यांचे जावई हॅन्सन यांनी १८७३ मध्ये रुग्णांच्या गाठींत काडीसारखे जंतू पाहिले आणि सासऱ्यांचे मत मोडीत निघाले. माणसात रोग निर्माण करणारा जंतू म्हणून ओळखल्या गेलेल्या पहिल्या काही जंतूंमध्ये याची गणना होते.

हा शोध मोठाच होता, पण त्याचा समाजात लावला गेलेला अर्थ भयंकर होता. जंतू आहे म्हणजे संसर्ग आहे आणि संसर्ग आहे म्हणजे माणसाला दूर कोंडले पाहिजे, असा तो तर्क. भारतात १८९८ साली कायदा झाला. त्यानुसार निराधार, भीक मागणाऱ्या कुष्ठरोग्यांना पकडून आश्रमात ठेवता येऊ लागले. हा केंद्रीय कायदा पुस्तकातून अधिकृतपणे पुसला गेला तो २०१६ साली! खरे तर हा रोग सहज पसरत नाही. बहुसंख्य माणसांत त्याला रोखण्याची शक्ती उपजतच असते. पण पायाची जखम, वाकडी बोटे आणि बसके नाक डोळ्यांना दिसत होते, आणि कायदाही भीतीच्या डोळ्यांनीच बघत होता.

वर्ध्याच्या वाटेवर

१९३६ साली विनोबांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी दत्तपूरला कुष्ठरोग्यांसाठी काम सुरू केले. त्या काळी सुशिक्षित, सुखवस्तू घरातल्या माणसाने हे काम पत्करणे म्हणजे लोकांच्या दृष्टीने वेडेपणाच होता. त्याच दशकाच्या अखेरीस संस्कृत पंडित परचुरे शास्त्री सेवाग्रामला आले. त्यांना कुष्ठरोग झाला होता. गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले आणि ते स्वतः त्यांच्या अंगाला मालिश करू लागले. या प्रसंगाचे छायाचित्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. त्याकडे आपण दयेचे चित्र म्हणून पाहतो. आम्हांला ते आणखी एका कारणाने महत्त्वाचे वाटते. सुकलेल्या, बधिर कातडीला रोज स्वच्छता, तेल आणि दुसऱ्या माणसाची डोळस नजर लागते, हे वैद्यकाने पुढे सिद्ध केले. त्या छायाचित्रात या तिन्ही गोष्टी दिसतात.

१९४६ मध्ये अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी तपोवन उभे केले आणि १९४९ नंतर वरोऱ्याला बाबा आमटे यांच्या कामातून आनंदवन आकाराला आले. १९५१ साली गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानची स्थापना होऊन त्याचे केंद्र वर्ध्याला आले. या वेळेपर्यंत हातात एक खरे औषध पडले होते. डॅप्सोन हे रसायन १९०८ सालीच प्रयोगशाळेत तयार झाले होते, पण त्याच्या कुळातल्या औषधाचा कुष्ठरोगावर उपयोग होतो हे अमेरिकेतील कारव्हिल येथे १९४१ पासून दिसू लागले. पन्नाशीच्या दशकात डॅप्सोनची स्वस्त गोळी खेड्यापाड्यांत पोहोचली.

प्रतिष्ठानच्या डॉ. वारदेकर यांनी एक सोपी पण दूरगामी पद्धत बसवली. रुग्णाने आश्रमात येण्याची वाट पाहायची नाही. कार्यकर्त्याने घरोघर जायचे, तपासायचे, लोकांना समजावून सांगायचे आणि गोळ्या घरपोच द्यायच्या. सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार ही ती त्रिसूत्री. १९५५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाने हीच पद्धत उचलली. कोंडण्याच्या विचाराला दिलेले हे खरे उत्तर होते.

तरीही एक कोडे सुटत नव्हते. जंतू मरत, चट्टे पुसट होत, पण तळपायाच्या जखमा वर्षानुवर्षे वाहत राहत आणि बोटे आखूड होतच राहत.

गंजलेले कुलूप

कोड्याचे उत्तर तमिळनाडूतून आले. १९४७ मध्ये वेल्लोरचे शस्त्रक्रियातज्ज्ञ पॉल ब्रँड यांनी चिंगलपेटच्या कुष्ठरोग रुग्णालयाला भेट दिली. एका रुग्णाच्या आकडीसारख्या वाकलेल्या हातात त्यांनी आपला हात दिला, तर त्याची पकड इतकी जबर की ते कळवळले. हात मेलेला नव्हता. त्यातले काही स्नायू लुळे पडले होते आणि बाकीचे धडधाकट होते. मग ब्रँड जखमांचा माग काढू लागले. एकदा गंजलेले कुलूप त्यांना उघडेना. एका मुलाने किल्ली घेऊन ते झटक्यात उघडले. त्याच्या बोटातून रक्त ठिबकत होते आणि कातडी हाडापर्यंत चिरली होती. मुलाला काहीच कळले नव्हते. काही रुग्णांच्या बोटांचे तुकडे रात्रीतून नाहीसे होत. पाळत ठेवल्यावर कळले, की झोपेत उंदीर कुरतडतात आणि माणूस जागा होत नाही.

म्हणजे रुग्णाचे मांस आपल्यासारखेच होते आणि जखमाही आपल्यासारख्याच भरत होत्या, मात्र त्यांना विश्रांती मिळायला हवी होती. आपल्या पायात खडा टोचला की आपण नकळत लंगडतो. हे लंगडणे हाच पहिला उपचार. ज्याला खडा कळत नाही तो न लंगडता मैलभर चालतो. त्याच जागी हजारो पावलांचा दाब पडतो, जखम खोल जाते, हाडाला संसर्ग होतो, हाड झिजते आणि बोट आखूड होते. त्याला आपण 'झडणे' म्हणत होतो.

आता सुरुवातीच्या थंडाईकडे वळू. कुष्ठरोगाच्या जंतूला शरीरातल्या ३७ अंशांपेक्षा थोडी थंड जागा मानवते. कातडी, नाक, कानाची पाळी आणि कातडीलगतचे मज्जातंतू ही त्याची ठिकाणे. कोपराजवळचा, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचा आणि घोट्याच्या आतल्या बाजूचा मज्जातंतू त्याला नेमका सापडतो. मज्जातंतूभोवती आवरण घालणाऱ्या पेशींत तो शिरतो आणि अतिशय सावकाश, सुमारे दोन आठवड्यांत एकदा, दुप्पट होतो.

मज्जातंतू ही तीन प्रकारच्या तारांची मोळी असते असे समजा. पहिल्या तारा स्पर्श, उष्णता आणि वेदना यांच्या बातम्या नेतात. त्या तुटल्या की बधिरता येते. दुसऱ्या तारा स्नायूंना हुकूम देतात. त्या तुटल्या की बोटे वाकतात, पाऊल लोंबते. तिसऱ्या तारा घामाच्या ग्रंथी चालवतात. यांची आठवण कोणालाच राहत नाही. त्या तुटल्या की घाम थांबतो आणि कातडी मेच्या उन्हातल्या काळ्या रानासारखी कोरडी पडून भेगाळते. त्या भेगेतून माती आणि जंतू आत जातात. विदर्भातला शेतकरी किंवा शेतमजूर उन्हाळ्यात तापलेल्या फुफाट्यातून आणि पावसाळ्यात चिखलातून चालतो. त्याच्या बधिर पायाला ही भेग म्हणजे उघडे दार असते.

यावरचा उपचार इतका साधा आहे की तो औषध वाटतच नाही. उघडी जखम नसलेला पाय साध्या पाण्यात वीसेक मिनिटे बुडवायचा, घट्टा हलकेच घासायचा, आणि पाय ओलसर असतानाच त्यावर खोबरेल किंवा दुसरे खाण्याचे तेल लावायचे. मग रोज तळवा डोळ्यांनी तपासायचा, कारण स्पर्शाचे काम आता डोळ्यांना करायचे असते. जखम असेल तर पायाला विश्रांती द्यायची आणि चालताना मऊ रबराच्या तळाची, खिळे नसलेली चप्पल घालायची. तेल कातडीत ओलावा घालत नाही, फक्त आत गेलेले पाणी उडू देत नाही. हे वर्गात करून पाहता येते. मुलांनी दोन्ही हात पाण्यात ठेवावेत, मग एका ओल्या हाताला तेल लावावे आणि दुसरा तसाच वाळू द्यावा. तासाभराने कोणता हात मऊ आहे हे त्यांनीच सांगावे.

न कळणारा पाय दुखतो कसा?

इथवर वाचून असे वाटेल की कुष्ठरोग म्हणजे वेदनेचा अभाव. पण रुग्णांशी बोलल्यावर वेगळेच ऐकू येते. कित्येकांच्या कोपरात, घोट्यात रात्रीच्या कळा येतात. कोणाच्या बधिर तळव्याची आग होते. बधिर भाग दुखतो कसा?

याची दोन उत्तरे आहेत. पहिले उत्तर रोगाच्या भरातले. शरीराची प्रतिकारयंत्रणा अचानक जागी होऊन जंतूंवर तुटून पडते. याला 'रिअॅक्शन' म्हणतात. जुने चट्टे लालबुंद होऊन सुजतात किंवा अंगावर दुखऱ्या लाल गाठी उठतात आणि ताप येतो. मज्जातंतूही सुजतो, पण त्याचे आवरण घट्ट असल्याने सुजेला जागा मिळत नाही आणि तो आतल्या आत चेपला जातो. ही सूज उपचार चालू असताना किंवा संपल्यावरही येऊ शकते. रुग्णाला वाटते, गोळ्यांनी अंगाला बाधा केली, आणि तो गोळ्या टाकून देतो. खरे तर ही वेळ धावपळ करण्याची असते. स्टेरॉइडचा उपचार वेळेत, बधिरता येऊन सहा महिने उलटण्याच्या आत सुरू झाला तर गेलेली संवेदना परतण्याची बरीच आशा असते. कधी कधी मज्जातंतू अजिबात न दुखता गुपचूप निकामी होतो. म्हणून वेदनेची वाट न पाहता स्पर्शाची तपासणी वरचेवर करावी लागते.

दुखऱ्या गाठींच्या उपचाराची कथा विलक्षण आहे. १९६४ साली जेरुसलेममध्ये डॉ. शेस्किन यांनी वेदनेने तळमळणाऱ्या एका रुग्णाला झोप यावी म्हणून थॅलिडोमाइड दिले. रुग्ण झोपला आणि त्याच्या गाठीही झपाट्याने बसू लागल्या. हेच ते औषध, ज्यामुळे युरोपात हजारो बालके हातापायांविना जन्मली आणि जे १९६१ पासून बाजारातून काढले गेले. गरोदर स्त्रीला जे कदापि द्यायचे नाही, ते आज कडक देखरेखीखाली अशा रुग्णांना दिले जाते. क्लोफॅझिमिन हे दुसरे औषध पन्नाशीच्या दशकात डब्लिनमध्ये क्षयाचे औषध शोधताना हाती लागले. ते जंतूही मारते आणि गाठींची सूजही कमी करते, पण कातडी काळवंडवते व कोरडी करते. आधीच लोकांच्या नजरा झेलणाऱ्या माणसाने चेहरा काळा पडू लागल्यावर गोळ्या थांबवल्या तर त्याला अडाणी म्हणणे सोपे आहे. औषध थांबल्यावर हा रंग हळूहळू उतरतो, हे त्याला आधीच सांगणे हा उपचाराचाच भाग आहे.

दुसरे उत्तर रोग संपल्यानंतरचे. टेलिफोनची तार तुटकी असली की निरोप पोहोचत नाही, पण रिसीव्हरमध्ये खरखर मात्र चालू राहते. जखमी मज्जातंतूंचेही तसेच होते. बाहेरच्या स्पर्शाची बातमी ते नेत नाहीत आणि मेंदूकडे स्वतःच खोटे निरोप धाडत राहतात. मेंदूला ते आग, मुंग्या, टोचणी असे वाटतात. या वेदनेवर नेहमीच्या अंगदुखीच्या गोळ्या फारशा चालत नाहीत. नैराश्य किंवा फेफरे यांवरची काही औषधे लहान मात्रेत दिल्यास ही खरखर कमी होते. जंतू मेलेले असताना पुन्हा कुष्ठरोगाचा कोर्स घेऊन या वेदनेचा उपयोग होत नाही.

कोष्टकातून सुटलेले

डॅप्सोनला जंतू दाद देईनासे झाले तेव्हा १९८२ साली जागतिक आरोग्य संघटनेने रिफॅम्पिसिन, क्लोफॅझिमिन आणि डॅप्सोन एकत्र देण्याची शिफारस केली. हे बहुविध औषधोपचार भारतात ज्या जिल्ह्यांत सर्वप्रथम राबवले गेले, त्यांत वर्धा होता. यश मोठे मिळाले. ६ किंवा १२ महिन्यांत रोग बरा होऊ लागला, आणि पहिल्या काही मात्रांनंतर रुग्णापासून संसर्गाची भीती उरत नाही. २००५ च्या डिसेंबरअखेर देशातले प्रमाण दहा हजारांत एकाहून कमी झाले आणि 'सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून निर्मूलन' जाहीर झाले.

या आकड्याकडे शिक्षकाच्या नजरेने पाहा. त्यात फक्त उपचार चालू असलेल्यांची मोजदाद आहे. कोर्स संपला की नाव वहीतून कमी होते. उपचाराची मुदत कमी केली तरी आकडा उतरतो. बधिर पाय, रात्रीची आग, भेगाळलेले तळवे यांना त्या वहीत रकाना नाही. निर्मूलन जाहीर झाल्यावर घरोघर जाणारे सर्वेक्षण बरेच ओसरले. आणि आजही जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात सापडतात. त्यांत लहान मुलेही असतात. पूर्वी आपण कातडीकडे पाहून मज्जातंतू विसरलो, आता जंतूंकडे पाहून पुन्हा तेच केले.

या इतिहासाने शिकवलेले कुष्ठरोगापुरते राहिलेले नाही. ब्रँड यांनी बधिर पायाची जखम भरण्यासाठी वापरलेला प्लास्टर आज जगभर मधुमेहींच्या पायांसाठी वापरतात. दीर्घकाळच्या मधुमेहातही हेच घडते. पाय बधिर होतो, आग होते, कातडी सुकते. मात्र मधुमेहींनी पाय पाण्यात बुडवून ठेवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. आपल्या शिक्षकखोलीतही असा एखादा पाय असेल.

शाळेने काय करावे? मुलाच्या अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा दिसला तर लगेच घाबरू नये. कोडाच्या पांढऱ्या डागांत स्पर्श पूर्ण कळतो आणि कोड हा कुष्ठरोग नव्हे. चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल, घाम येत नसेल, तर चारचौघांत चर्चा न करता पालकांना बोलावून प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. निदान डॉक्टरांनी करायचे. उपचार मोफत मिळतात. मुलाचे बाक बदलू नये. आणि मज्जासंस्थेचा धडा शिकवताना प्रत्येक मुलाला आपल्या कोपरातली ती दोरी चाचपायला लावावी. ती दोरी हाताला लागलेले मूल मोठेपणी रस्त्यावर आखूड बोटांचा हात पाहील, तेव्हा तो सडला असे म्हणणार नाही. या हाताला कोणीतरी वेळेत विचारायला हवे होते, 'इथे कळतंय का?' एवढे त्याच्या मनात नक्की येईल.